नाटक खंयसर इला?

नाटकाला आलेल्या प्रेक्षकाने झोपावे की झोपू नये, हा प्रश्न गंभीरपणे विचारात घेण्यासारखा आहे असे मला तरुणपणी वाटले नसते. भरताने नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात उत्तम प्रेक्षकाची लक्षणे दिली आहेत. ज्याची इंद्रिये व्यग्र झालेली नाहीत असा प्रेक्षक असावा, ही त्यातली एक अपेक्षा. झोपलेल्या माणसाची इंद्रिये व्यग्र नसतात हे खरे, पण भरताला तसे म्हणायचे नसावे. नाटक शिकवण्यात माझी अठ्ठावीस वर्षे गेली आणि एवढ्या काळात प्रेक्षक या विषयावर मी वर्गात जे काही बोललो, ते सगळे जाग्या प्रेक्षकाविषयीच होते. ज्यांच्या शेजारी बसून मी पहिली नाटके पाहिली ते माझे वडील मात्र प्रत्येक नाटकात किमान दोनदा झोपत असत. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू.

आमचे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळपासून पंधराएक किलोमीटरवर. दशावताराचा हंगाम कार्तिकात देवळांच्या जत्रांबरोबर सुरू होतो आणि पावसाच्या तोंडाशी संपतो. जत्रेतली नाटके थंडीतली, पालखी झाल्यावर उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारी. मी शिकायला मुंबईला गेलो तेव्हापासून ती माझ्या वाट्याला येईनाशी झाली आणि उरली ती मे महिन्यातली नाटके. मे महिन्यात चाकरमानी गावी येतात. कुणाच्या घरी सत्यनारायण असतो, कुणाला नवस फेडायचा असतो, आणि त्या निमित्ताने देवळापुढच्या मोकळ्या जागेत किंवा एखाद्याच्या खळ्यात नाटक लावले जाते. मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर, चेंदवणकर अशी गावांच्या नावांनी ओळखली जाणारी मंडळे त्या दिवसांत या गावातून त्या गावात सतत फिरत असतात.

उन्हाळ्यातल्या नाटकाचा आनंद मला वाटते संध्याकाळपासूनच सुरू होतो. दिवसभर घाम पुसून माणसे कंटाळलेली असतात. ऊन उतरले की खळ्यावर पाणी शिंपडतात आणि सारवलेल्या जमिनीचा वास उठतो. जांभ्याच्या पायऱ्यांत मात्र दुपारचे ऊन रात्री नऊपर्यंत मुरलेले असते. त्यांवर बसणाऱ्याला ते खालून जाणवत राहते. मंडळाचा टेम्पो येतो, पेटारे उतरतात, ओसरीच्या एका टोकाला साड्या आणि चादरी बांधून रंगपट तयार होतो. आम्हा मुलांचे खरे नाटक तिथेच सुरू होई. दशावतारातला प्रत्येक नट आपला चेहरा आपणच रंगवतो. एका हातात लहानसा आरसा धरून मांडी घालून बसलेला, मानेपर्यंत राजा आणि मानेखाली बनियन घातलेला तो माणूस मधूनच कुणाला तरी पाणी आण म्हणून सांगे, आणि ते सांगताना त्याचा आवाज आमच्या शेजाऱ्यासारखाच असे. पलीकडे दुसरा कुणी दाढी गुळगुळीत करून नऊवारीच्या निऱ्या घालत असे. समर्थ रामदासांनी दासबोधात दशावतारी खेळणाऱ्यांचा उल्लेख केला आहे. तिथे सुंदर स्त्रिया म्हणून जे येतात ते प्रत्यक्षात रांगडे पुरुषच असतात, असे त्यांनी बजावले आहे. सतराव्या शतकातल्या त्या इशाऱ्याची आम्हाला गरज नव्हती. आम्ही ते पुरुष संध्याकाळी चहा पिताना पाहिलेले असत, आणि तरीही रात्री तीच तारामती रडू लागली की आमच्या आया पदराला डोळे पुसत.

आठ वाजता माणसे जेवून चटया घेऊन येऊ लागतात. पुढे मुले, मग बायका, मागे पुरुष, त्याही मागे गडग्यावर बसलेले तरुण. मधून चहाची किटली फिरते, कुणीतरी शेंगदाणे आणि खाजे विकायला बसलेला असतो. बकुळीचा वास येत असतो आणि बांगडा भाजल्याचाही. एका बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. मधे एक लाकडी बाक. नेपथ्य एवढेच. तो बाक इंद्राचे सिंहासन असतो, युद्धात टेकडी असतो आणि वनवासात शिळा असतो. पात्राने बाकाभोवती एक फेरी घातली की अयोध्येहून काशी येते. भरताने कक्ष्याविभागाच्या प्रकरणात परिक्रमेने स्थळ बदलण्याचा संकेत सांगितला आहे, हे मी पुढे विद्यापीठात शिकलो आणि उत्तरपत्रिकेत लिहिलेही. पण ती फेरी मी पाचव्या वर्षापासून पाहत आलो आहे, हे ते लिहिताना माझ्या लक्षात आले नव्हते.

आधी आडदशावतार होतो. गणपती येतो, ऋद्धी-सिद्धी येतात, मोरावर बसलेली सरस्वती नाचते, आणि मग काळ्या वेषातला संकासूर येऊन वेद पळवण्याच्या मधल्या वेळात समोर बसलेल्या गावकऱ्यांची मालवणीत यथेच्छ टिंगल करतो. गावात कुणाचा बैल हरवला आणि कुणाचा मुलगा दहावीला बसला, याची बातमी त्याने संध्याकाळीच काढलेली असते. त्याचा वध झाल्यावर मुख्य आख्यान लागते. आख्यानाला लिहिलेली संहिता नसते. प्रयोगाआधी मंडळी एकत्र बसून कथेचा क्रम ठरवतात, कोण कोणाच्या मागून येणार एवढे पक्के होते, आणि बाकीचे संवाद नट उभा राहिल्यावर बोलतो. त्याच्या पाठीशी पुराणे असतात, ऐकलेली कीर्तने असतात, आणि समोरच्याने टाकलेला शब्द वाया जाऊ न देण्याची सवय असते.

एकदा, मी दहा-अकरा वर्षांचा असेन, रात्री दहाच्या सुमारास खाडीकडून अचानक वारा सुटला. दिवसभर पान हलले नव्हते. सगळ्या खळ्याने एकदम सुटकेचा श्वास सोडला, बायकांनी पदर सैल केले, आणि राजाच्या भूमिकेतला नट त्याच क्षणी आपल्या प्रधानावर गरजत होता. त्याच्याकडे कुणाचेच लक्ष उरले नाही. तो थांबला. आकाशाकडे पाहून त्याने हात जोडले आणि आपल्या दरबारात विलंबाने का होईना हजर झाल्याबद्दल वायुदेवाचे स्वागत केले. मग प्रधानाकडे वळून म्हणाला की देवसुद्धा बोलावल्यावर येतात, तू मात्र येत नाहीस. हशा ओसरेपर्यंत नाटक परत जागेवर आले होते. नाट्यमंडप पर्वतातल्या गुहेसारखा असावा, त्यात वारा शिरू नये, म्हणजे आवाज गंभीर राहतो, असे भरत सांगतो. वाऱ्याने आवाज विरतो हे त्याचे निरीक्षण अचूक आहे. उघड्यावरच्या नटाला तो वारा पात्रासारखा वागवावा लागतो.

अशा त्या गर्दीत आप्पा एका ठरलेल्या जागी, फणसाच्या बुंध्याला पाठ टेकून बसत. आडदशावतार ते मन लावून पाहत. आख्यान लागून अर्धा तास झाला की त्यांची मान हळूहळू खाली येई. कुणी त्यांना उठवत नसे. शेजारच्याने हलवले तर पलीकडचा म्हणे, "निजांदे त्येंका." वीसेक मिनिटांनी, कधी मृदंगाच्या थापेने तर कधी विनाकारणच, ते जागे होत, डोळे चोळत आणि मला विचारत, "नाटक खंयसर इला?" मी सांगे, नारद आला, किंवा राणीला वनात सोडले. ते मान हलवत आणि पुढचे नाटक असे पाहू लागत की जणू मधे काही सुटलेच नाही. सकाळी घरी चहा पिताना ते रात्रीच्या नाटकाचे गुणदोष सांगत आणि त्यात झोपेतल्या भागाचाही समावेश असे. याचा मला राग येत असे.

हा राग मी पुढे छापला. मुंबईत एम.ए. करत असताना, १९८४ साली, महाविद्यालयाच्या वार्षिकात मी एक लेख लिहिला. त्या काळात आम्ही दादरला छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटके पाहत होतो. तिथल्या बाकांवर दाटीवाटीने बसून, खोकला आला तरी दाबून, अंधारात डोळे ताणून जे पाहिले त्याने माझे आयुष्य घडवले. त्याचे ऋण मी आजही मानतो. त्या भरात मी लेखात असे प्रतिपादन केले की दशावतार हा विधी आहे, करमणूक आहे, सामाजिक मेळावाही आहे, पण तो नाट्यानुभव नाही. कारण अनुभवाला अवधान लागते आणि हा प्रेक्षक अवधान देत नाही. पुरावा म्हणून मी एका अनाम प्रेक्षकाचे वर्णन केले. तो फणसाच्या झाडाला टेकून झोपतो, जागा झाल्यावर नाटक कुठवर आले ते विचारतो आणि सकाळी परीक्षण करतो. वर्णन विनोदी उतरले होते. प्राध्यापकांनी त्याचे कौतुक केले.

अंक घरी पोस्टाने गेला होता. त्या वर्षी मे महिन्यात मी गावी गेलो तेव्हा आप्पांनी तो वाचला आहे हे मला माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी नाटक होते. संध्याकाळी चटई काखेला मारून ते निघाले, आणि दरवर्षीप्रमाणे मला हाक न मारता उंबऱ्यावर क्षणभर थांबून म्हणाले, "बरा लिवलंस." एवढेच. आवाजात राग नव्हता. मी मागोमाग गेलो असतो तर त्यांनी नको म्हटले नसते. मी गेलो नाही. पुढची कितीतरी वर्षे मे महिन्यात मी गावी असे, लांबून मृदंग ऐकू येई, आणि मी ओसरीवर दिव्याखाली वाचत बसे. आईने एकदा मला विचारले की तू का जात नाहीस. मी म्हणालो की मला झोप येते. ती हसली नाही.

शिकवायला लागल्यावर रंगभूमीचा इतिहास मला क्रमाने वाचावा लागला, आणि ज्या अंधारावर माझा सगळा युक्तिवाद उभा होता तो अंधार फारच अलीकडचा आहे असे दिसू लागले. अथेन्समध्ये डायोनिससच्या उत्सवातली नाटके दिवसाउजेडी, उघड्या आकाशाखाली होत. १५९९ साली लंडनमध्ये उभे राहिलेले ग्लोब नाट्यगृह मधोमध उघडे होते. हॅम्लेटच्या बापाचे भूत दुपारच्या उजेडात यायचे आणि रात्र असल्याचे शब्दांनी सांगायचे. पुढे नाट्यगृहांना छत आले तरी मेणबत्त्या प्रेक्षकांवरही जळत असत. प्रेक्षागृह जवळजवळ पूर्ण काळोखात बुडवण्याची प्रथा रूढ होण्यात वाग्नरने १८७६ साली बायरॉइट येथे उघडलेल्या नाट्यगृहाचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले. आदल्या वर्षी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहिलेल्या चिंतामणराव पटवर्धनांच्या इच्छेतून ते घडले, हे आपण सगळे शिकतो आणि शिकवतो. ज्या खेळाने मराठी नाटकाला चालना दिली तो दशावताराच्या कुळातला होता, हेही आपण शिकवतो. मी तर दरवर्षी शिकवत होतो. फणसाखालच्या प्रेक्षकापर्यंत मात्र तो धागा मी नेला नव्हता.

अंधाराला दोष देण्याचा माझा हेतू नाही. बंद नाट्यगृहातला अंधार प्रेक्षकाला एकटे करतो आणि काही नाटकांना असा एकटा प्रेक्षकच हवा असतो. पण त्या अवस्थेत पाहणे ही एक जबाबदारी होऊन बसते. तिकीट काढलेले असते, उजेड फक्त समोर असतो, शेजारी बसलेला माणूस दिसत नाही आणि दिसू नये अशीच व्यवस्था असते. उघड्यावरच्या नाटकात शेजारी दिसतो. राजाचे भाषण लांबले तर मी त्याच्याकडे पाहू शकतो, आकाशाकडे पाहू शकतो, समोरच्या मुलीच्या वेणीतली अबोली कोमेजली आहे हे पाहू शकतो, आणि परत राजाकडे येऊ शकतो. ते परत येणे हा त्या नाटकाचा निम्मा आनंद आहे, असे मला आता वाटते. नटालाही ते ठाऊक असते. प्रेक्षक आपल्या हातात नाही, त्याला दर पाच मिनिटांनी नव्याने बोलावून आणायचे आहे, हे जाणून तो बोलतो. त्याच्या आवाजातला चढ, युद्धातली ती बाकावरची उडी, मधेच मालवणीत टाकलेले एखादे वाक्य, या सगळ्यामागे ही गरज असते. आम्ही ज्याला भडकपणा म्हणत होतो तो बराचसा या हाकेचा मोठा आवाज होता.

हे विचार माझ्या मनात अभ्यासातून आले असे म्हणायला मला आवडले असते. ते आले २००९ सालच्या मे महिन्यात.

आप्पा त्या वेळी एक्याऐंशी वर्षांचे होते. हिवाळ्यात त्यांना एकदा रुग्णालयात ठेवावे लागले होते आणि चालताना आधार लागत होता. देवळापुढे नाटक होते, हरिश्चंद्राचे आख्यान. संध्याकाळी त्यांनी आईला चटई मागितली. आई माझ्याकडे पाहू लागली. मी म्हणालो, मी नेतो. पंचवीस वर्षांनी मी त्या वाटेने रात्री निघालो होतो. एका हातात खुर्ची, दुसऱ्या हातात त्यांचा दंड. वाटेत मी विचारले, इतका त्रास घेऊन जायचेच का, सगळे आख्यान तर तुम्हाला पाठ आहे. ते दम घ्यायला थांबले होते. म्हणाले, "बघूक कित्याक होया? माका सगळा म्हायत आसा. मी थंय बसाक जातंय."

फणस तोपर्यंत राहिला नव्हता. तिथे विजेचा खांब आला होता. मी खुर्ची खांबाशी ठेवली. ते खुर्चीत बसले आणि मी खाली चटईवर. पूर्वी गॅसबत्त्या असत, आता प्रखर दिवे होते आणि ध्वनिवर्धक मधूनच शिट्टी घालत होता. माणसे येऊन आप्पांच्या पाया पडून जात होती. हरिश्चंद्राने राज्य दिले, दक्षिणेसाठी बायको-मुलाला विकले, स्वतः डोंबाच्या चाकरीला लागला. आप्पा झोपले. मी त्यांच्याकडे पाहत होतो. त्यांचा श्वास नीट चालला आहे ना, हे पाहत होतो, त्यामुळे नाटकाकडे माझे अर्धेच लक्ष होते. आणि तेवढ्यात माझ्या ध्यानात आले की भोवतालचे जवळजवळ सगळेच तसे पाहत आहेत. कुणाच्या मांडीवर मूल होते, कुणी आजीला वारा घालत होती, कुणी दोन वर्षांनी भेटलेल्या भावाशी हलक्या आवाजात जमिनीचे बोलत होता. नाटक या सगळ्यांच्या मधून चालले होते आणि कुणाचीही अडचण कुणाला होत नव्हती.

रोहिदासाला सर्प डसला. आता तारामती प्रेत घेऊन स्मशानात येणार, हे सर्वांना माहीत होते. ती रंगपटातून आली नाही. नट अंधारातून वळसा घालून मागे गेला होता आणि तिथून, प्रेक्षकांच्या पाठीमागून, पांढऱ्या कापडात गुंडाळलेले गाठोडे छातीशी धरून तो विलाप करत आमच्यातून चालत आला. वाट नव्हतीच. बायकांनी आपली झोपलेली मुले उचलून बाजूला घेतली, त्यांच्या मधून तारामती आपले मूल घेऊन पुढे गेली. गाठोड्याचे टोक आप्पांच्या गुडघ्याला घासले. त्या स्पर्शाने ते जागे झाले आणि नेहमीप्रमाणे, जणू मी दरवर्षी तिथे बसत आलो होतो अशा आवाजात, त्यांनी विचारले, "नाटक खंयसर इला?"

"स्मशानात," मी म्हणालो.

त्यांनी समोर पाहिले. तारामतीने गाठोडे बाकावर ठेवले होते आणि हरिश्चंद्र तिला न ओळखता तिच्याकडे कर मागत होता. आप्पा म्हणाले, "म्हणजे आता उठतलो पोरगो."

मी नाटकाविषयी जे काही वाचले आहे त्यात एवढे साधे विधान मला आढळलेले नाही, आणि त्याचा उलगडा करायला मला बराच काळ लागला. ज्याला कथा माहीत नाही त्याच्यासाठी ते स्मशान म्हणजे शेवट असू शकतो. त्याने डोळे मिटून चालणार नाही. ज्याला कथा माहीत आहे तो स्मशानातही जरा टेकून बसू शकतो. माहीत असल्यामुळे त्याचे दुःख कमी होत नाही. आप्पांच्या डोळ्यांत पाणी होते, हे मी पाहिले. पण मूल उठेपर्यंत वाट पाहण्याची तयारी त्या माहितीतून येते. मी ज्याला अवधानाचा अभाव म्हटले होते, तो एक प्रकारचा विश्वास होता: कथेवर, नटांवर, आणि आपण झोपलो तरी आपल्या वतीने जागे असलेल्या शेजाऱ्यांवर. माझ्या लेखातला अनाम प्रेक्षक एकटा झोपलेला होता. प्रत्यक्षात तो दोनशे माणसांच्या मधोमध झोपत असे. वर्णनातून मी ती दोनशे माणसे गाळली होती, आणि सर्वांत आधी शेजारी बसून उत्तर देणारा मुलगा गाळला होता.

त्या रात्री मी त्यांना लेखाविषयी काही बोललो नाही. बोलायला हवे होते असे कधी वाटते, तर कधी वाटते की "स्मशानात" हे उत्तर दिले तेवढे पुरे होते. रोहिदास उठला, देवांनी राज्य परत दिले, आरतीचे ताट फिरले, आप्पांनी खिशातली दहाची नोट काढून ताटात टाकली. श्रावणात ते गेले.

त्यानंतर मी शक्य त्या वर्षी मे महिन्यात नाटकाला जातो. पुष्कळ काही बदलले आहे. धूर, विजेच्या माळा, वरून उतरणारे देव अशा ट्रिकसीनच्या जाहिराती आता नाटकाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत असतात. २०२५ साली 'दशावतार' नावाच्या मराठी चित्रपटात दिलीप प्रभावळकरांनी वृद्ध दशावतारी नटाची भूमिका केली, तेव्हा ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नव्हता त्यांनीही माझ्याकडे चौकशी केली. कुणी विचारतात, ही कला टिकेल का. मला एवढेच दिसते की चटया अजून येतात, मुले अजून रंगपटाच्या चादरीला भोक शोधतात, आणि भर उन्हाळ्यात खाडीवरून वारा आला की अजून सगळे खळे एकदम श्वास सोडते. प्रेक्षक अर्धा मोबाइलमध्ये असतो ही तक्रार मी ऐकतो. ती मला पूर्णपणे मान्य करता येत नाही आणि फेटाळताही येत नाही. झोपलेला माणूस शेजाऱ्याला नाटक कुठवर आले ते विचारतो. मोबाइलमधून वर आलेला माणूस विचारेल का, यावर ते अवलंबून आहे.

विद्यार्थ्यांना मी शेवटची काही वर्षे नाट्यशास्त्रातला तो प्रेक्षकाचा भाग शिकवताना भरताचे पुढचे म्हणणेही आवर्जून सांगत असे. हे सगळे गुण एकाच प्रेक्षकात सापडतील असे नाही, हे त्याने स्वतःच मान्य केले आहे. प्रेक्षकाने नटाच्या आनंदात आनंदी आणि शोकात शोकाकुल व्हावे, एवढे मात्र तो धरून ठेवतो. त्या कसोटीला आप्पा उतरले असते.

गेल्या मे महिन्यात एका शेजाऱ्याच्या खळ्यात नाटक होते. मी भिंतीला टेकून बसलो होतो. आडदशावतार मन लावून पाहिला. आख्यान लागले, दोन राजांचे वैर ठरले, आणि नंतरचे मला आठवत नाही. जागा झालो तेव्हा मृदंग जोरात वाजत होता, युद्ध चालू होते, चहाची किटली फिरून गेली होती आणि कुणीतरी माझा पेला भरून शेजारी ठेवला होता. चहावर साय धरली होती. डाव्या बाजूला सात-आठ वर्षांचा एक मुलगा गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. कुणाचा ते मला माहीत नव्हते. मी त्याला विचारले.

त्याने माझ्याकडे जरा तुच्छतेने पाहिले, आणि मग सगळे नीट सांगितले.